चुलीतला रुमाल

"असं तोंड पाडून बसू नकोस," मेंगाने लेकीला दटावलं. "पाव्हणे दारात आलेत."

ओर्सोलाला पोंपेओशी लग्न करायचं नव्हतं. त्याने दोन बायका पुरल्या होत्या आणि तिसरी पसंत करायला तो आईला घेऊन आला होता. पण तिच्या बापाने, गाउदेन्झिओने, शब्द दिला होता. आता तो मोडणं फक्त चुलीच्या हातात होतं.

मालेंको खोऱ्यात मुलीची पारख आगीत होई. डोंगरातल्या अ‍ॅस्बेस्टॉस या न जळणाऱ्या दगडाची लोकर जवसाच्या धाग्यासोबत कातायची, तिचा रुमाल विणायचा आणि होणाऱ्या सासूने तो चुलीत टाकायचा. जवस जळून जाई, दगडाचा रुमाल पांढराशुभ्र उरे. कामचुकार पोरीने नुसत्या जवसावर भागवलं असेल, तर राख. मग सोयरीक नाही.

तसं करावं, असं ओर्सोलाच्या मनात आलंही होतं. पण बाप महिनाभर तिच्या टकळीसमोर ठाण मांडून बसला होता.

"दाखव बघू," मेंगा म्हणाली. "अगं डावखुरे, इथेही तुझी उलटी गाठ! आण, घडी मी घालते. तू नुसता बोळा करशील."

"आई, तुझा रुमाल कसा निघाला होता गं?"

"दुधासारखा. म्हणून तर या घरात आले."

मेंगाने घडी एप्रनच्या खिशात ठेवली आणि पाहुण्यांना वाइन द्यायला गेली.

थोड्या वेळाने तिने घडी पोंपेओच्या आईच्या हाती दिली. म्हातारीने ती चिमट्याने निखाऱ्यांवर ठेवली. ओर्सोलाने डोळे मिटून घेतले.

जळका वास आला. तो येणारच होता. पण तो थांबेना. तिने डोळे उघडले, तर निखाऱ्यांवर राख होती.

"म्हणे कष्टाळू पोर!" म्हातारी उठली. "चल रे पोंपेओ."

"घराचं नाक कापलंस, कार्टे!" मेंगाने कपाळावर हात मारला.

"अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय!" म्हणत गाउदेन्झिओ पाहुण्यांमागे धावला.

घरात दोघीच उरल्या. ओर्सोलाला काहीच कळेना.

"आई, देवाशपथ, मी दगडाचाच—"

"पुरे. मक्याचा पोलेंटा करपेल. ताटल्या घे."

मेंगाने खिशातून कापडाची घडी काढली, चुलीवरच्या हंड्याची तापून लाल झालेली कडी त्या घडीने धरली आणि हंडा उतरवला. कापडाला साधा डागही पडला नाही. त्याच्या कोपऱ्यात उलटी गाठ होती.