मूठ सुटेना

"पायाची बोटं झोपली?" भिंगरीनं विचारलं.

"झोपली."

"खोटं. डावा अंगठा हलतोय."

गवंड्यानं डोळे न उघडता अंगठा हलवायचा थांबवला. त्याच्यासमोर सतरंजीवर त्याची पुतणी मांडी घालून बसली होती. वय वर्षं आठ. एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. पण शाळेतल्या बाईंनी ध्यान शिकवल्यापासून ती घरी आली की दप्तर कोपऱ्यात टाकून आधी काकाची शाळा घ्यायची.

"आता श्वास घे. एक, दोन, तीन, चार. सोडताना सहा मोजायचे. अरे, हळू! बाई म्हणतात, श्वास म्हणजे काय शाळा सुटली का, असं धावत बाहेर यायला?"

"चुकलो, बाई."

"परत घे."

गवंड्यानं परत श्वास घेतला.

असं ध्यानाला बसायचं खूळ मूळचं डॉक्टरांचं. "मुठीवर औषध नाही माझ्याकडे," ते म्हणाले होते. "तुमच्या नसा अजून घाबरलेल्या आहेत. त्यांना वाटतंय, ती वेळ अजून सरलीच नाही. रोज निवांत बसा, अंग सैल सोडा. हळूहळू समजूत पटेल त्यांची."

अकरा महिने त्याची उजवी मूठ आवळलेली होती. नखं तळव्यात रुतायची आणि कळ दंडापर्यंत चढायची. भावजय गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची, पण शेक तिथवर पोचायचाच नाही. जेवण डाव्या हातानं. सदऱ्याची बटणं भिंगरी लावून द्यायची, त्यातलं एक हमखास चुकवून. "नखं कापून टाकली तर रे?" तिनं एकदा विचारलं होतं. "ती नखं नाही कापता येत," तो म्हणाला होता.

मूठ एकदाची सैल झाली की कुठं चौकीदाराचं वगैरे काम शोधायचं, वेगळी खोली घ्यायची आणि या घरातून निघायचं, असं त्यानं मनाशी ठरवून ठेवलं होतं. भावाच्या माघारी भावजय त्याला वेळेवर ताट वाढत होती, एका शब्दानं दुखवत नव्हती. तेच त्याला सोसत नव्हतं. अकरा महिन्यांत त्यानं तिच्या नजरेला नजर दिली नव्हती.

"पोटऱ्या झोपल्या, गुडघे झोपले, पोट झोपलं," भिंगरी हलक्या आवाजात सांगत होती. "आता उजवी मूठ. झोप गं बाई." ती थोडा वेळ थांबली. "झोपली?"

"नाही."

"बाई म्हणतात, जे झोपत नाही त्याला रागवायचं नाही. त्याला विचारायचं, काय झालंय तुला? मी एकदा वर्गात पोटाला विचारलं."

"मग?"

"पोट म्हणालं, डबा खा."

गवंडी हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. आतल्या खोलीत भांडी घासण्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

"हसू नको. विचार तिला."

त्यानं चार मोजत श्वास घेतला, सहा मोजत सोडला. मग पुन्हा. आणि त्या मिटल्या मुठीत त्याला एक मनगट लागलं. घामानं ओलं, सिमेंटनं खरबरीत. रोजच लागायचं. रोज तो इथून डोळे उघडून पळ काढायचा. आज भिंगरीनं विचारायला सांगितलं होतं, म्हणून थांबला.

चौथा मजला. धाकट्या भावाच्या पायाखालची परांचीची फळी सटकली. यानं पालथं पडून त्याचं मनगट धरलं. माल वर खेचणाऱ्या यंत्राचा दोर याच्याच दंडाला गुरफटला होता. कुणीतरी ओरडत होतं, यंत्र बंद करा, बंद करा. खालून धाकटा एवढंच म्हणाला होता, "दादा, सोडू नको हं."

"काय म्हणाली मूठ?" भिंगरीनं कुजबुजत विचारलं.

गवंड्याचे ओठ हलले. "म्हणते, सोडलं मी त्याला."

"कुणाला?"

"तुझ्या बाबाला. नाही सोडत म्हणालो आणि सोडलं. एवढं ओझं होतं हाताला, आणि एका क्षणात काहीच नाही. पुढचं आठवत नाही. जाग आली ती दवाखान्यात." त्याचा श्वास धावायला लागला होता. "तेव्हा नको तिथं उघडली ही. आता उघडत नाही. उघडली की तो परत पडेल."

भिंगरीनं दाराकडे पाहिलं. तिची आई ओल्या हातांनी उंबऱ्यात उभी होती.

"जरा अंगणात खेळ जा, बाळा."

"पण काकाचं ध्यान अर्धं राहिलंय."

"पुढचं मी घेते."

भिंगरी गेली. भावजय तिच्या जागी सतरंजीवर बसली. गवंड्यानं डोळे घट्ट मिटूनच ठेवले.

"एवढं घेऊन बसलात होय इतके दिवस?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यानं बोलवत नाही, म्हणून बोलत नाही."

"काय ठाऊक आहे?"

"इकडे बघा, दादा."

त्यानं बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"ह्यांच्या मनगटाला तुमची मूठ होती आणि तुमच्या मनगटाला ह्यांची. खाली चार माणसांनी सोडवून पाहिली, सुटेना. शेवटी मीच म्हटलं, राहू द्या. दंडापासून तुटलेला तुमचा हात आम्ही ह्यांच्याबरोबरच जाऊ दिला."