चारशे किलोमीटरवरून

अवकाशस्थानकाच्या खिडकीतून विशाखाला अख्खी कोकणपट्टी बोटाएवढी दिसत होती आणि तिच्यावर वादळाचा पांढराशुभ्र भोवरा पसरला होता. तिने देवगडला घरी फोन लावला. तो धाकट्या भावाने, रुपेशने घेतला.

"ताई, बाबा कालपासून इले नाय. तुका वरसून सगळा दिसता मां? होडी खंय आसा, सांग गो!"

चारशे किलोमीटरवरून होडी दिसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्याचं रडणं तिला ऐकवेना. ढगांच्या फटीत एक पांढरा ठिपका होता. तो त्यांच्या गावाहून मोठा असावा. "दिसली रे," ती म्हणाली, "किल्ल्याच्या दक्षिणेक आसा." त्याला धीर यावा, एवढंच तिच्या मनात होतं.

चार तासांनी तिने पुन्हा फोन केला, तर बाबांनीच उचलला. ती आनंदाने रडायलाच लागली.

"मी खाडीत आसरो घेतलेलो गो," बाबा म्हणाले. "पण तू जागा सांगितलंस म्हणान रुपेश दुसरी होडी घेवन माका सोदूक गेलो. तो अजून इलो नाय. खंय दिसता काय, बघ!"

खिडकीखाली निळाशार पॅसिफिक होता. त्यावर एकही ढग नव्हता.