चौसष्टांतला एक

सोळा टक्के. सव्वा तास झाला तरी पडद्यावरची निळी पट्टी सोळा टक्क्यांवरच रेंगाळत होती. पूरनियंत्रण कक्षातली अभियंता खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. सोळाच. वरच्या धरणाचे दरवाजे पहाटे उघडले होते. पाणी खालच्या वस्तीत शिरणार का, आणि शिरलं तर किती वाजता, एवढंच या मशीनने सांगायचं होतं. वस्तीत चार हजार माणसं होती. त्यांत तिची धाकटी बहीणही होती.

मशीन नवं कोरं होतं. आत चौसष्ट कोअर, म्हणजे एकाच पेटीत चौसष्ट गणिती बसवल्यासारखं. जुन्यात होते आठ. आठाच्या जागी चौसष्ट म्हणजे काम आठपट लवकर, असा सरळ हिशेब मांडून तिनेच शिफारस लिहिली होती. पंधरा दिवसांपूर्वी त्यावर आकाशातून काढलेली छायाचित्रं जोडून दाखवली, तेव्हा दोन तासांचं काम चहा निवायच्या आत उरकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तंत्रज्ञ काका तेवढे गप्प होते. "एकदा नदीचं गणित लावून बघू या, मॅडम," एवढंच ते म्हणाले. "काका, तुमचा जुन्यावरचा जीव काही सुटत नाही," असं ती बोलली आणि खोलीभर हशा पिकला. नदीचं गणित लावायचं मात्र राहूनच गेलं.

फोन वाजला. बहीणच होती.

"ताई, काय करू गं? सासूबाईंना उचलायचं तर चार माणसं लागतात. आत्ताच हलवू का?"

"थांब जरा. आकडा येऊ दे."

फोन ठेवला आणि तिला स्वतःचाच राग आला. आकडा येणार कधी? तिने कागदावर भागाकार केला. संध्याकाळचे पाच. पुन्हा केला. पाचच. मग तिने मशीनच्या आत काय चाललंय ते दाखवणारी खिडकी उघडली. चौसष्ट उभ्या रेघा. एक टोकापर्यंत भरलेली, बाकी त्रेसष्ट जमिनीला टेकलेल्या.

ती जवळजवळ धावतच काकांच्या खोलीत शिरली. "काका, एकच चालतोय. बाकीचे नुसते बसलेत."

काकांनी चष्मा कपाळावर सारला. "बसणारच. चित्राचे चौसष्ट तुकडे करून चौसष्ट जणांना वाटता येतात, मॅडम. नदीचे कसे करणार? या मिनिटाचं पाणी कळल्याशिवाय पुढच्या मिनिटाचं मांडता येत नाही. एकाने चालायचं, बाकीच्यांनी बघत बसायचं. त्यात यांच्यातला एकटा धरला, तर तो आपल्या जुन्यातल्याच्या निम्म्या वेगानेही पळत नाही."

"हे तुम्ही तेव्हाच का नाही..." ती बोलता बोलता थांबली. "काका, जुना संगणक कुठाय?"

जुना त्यांच्याच टेबलाखाली होता. हल्ली त्यावर पत्रं टाइप व्हायची. काकांनी अर्धवट पत्र बंद केलं आणि गणित लावलं. त्याला साडेतीन तास लागणार होते. ते साडेतीन तास तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ती बसेना, खाईना. दोन खोल्यांमध्ये येरझाऱ्या घालून घालून तिच्या चपलेचा पट्टा सुटला. बहिणीचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी तिने थांब म्हटलं नाही. "हलव त्यांना. शेजाऱ्यांना हाक मार, पण हलव."

पावणेदोनला जुन्याने उत्तर दिलं. पाणी तीन वाजून चाळीस मिनिटांनी वस्तीत शिरणार होतं.

कागद घेऊन ती मुख्य अभियंत्यांपुढे उभी राहिली. साहेबांनी तो दोनदा वाचला. "पत्रं टाइप करायच्या डबड्याच्या भरवशावर चार हजार माणसं घराबाहेर काढायची? उद्या पाणी आलं नाही तर लोक आपल्याला फाडून खातील. नव्याचा आकडा येऊ द्या. ते घ्या म्हणून तुम्हीच तर मागे लागला होतात."

तिने टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला.

"हो साहेब. माझी शिफारस चुकली. तसं आत्ता, इथेच लिहून देते. पण आधी भोंगा वाजवा."

तिने खरंच लिहून दिलं. सही वाळायच्या आत भोंगा वाजला.

त्यानंतरचे दोन तास नुसती पळापळ होती. ट्रक आले, हातगाड्या आल्या. कुणी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, कुणी शेळ्यांना. साडेतीनला टेकडीवरच्या शाळेतून बहिणीचा फोन आला. "सासूबाईंना बाकावर निजवलंय. भांडतायत, म्हणजे बऱ्या आहेत." अभियंता हसली आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

नवं मशीन बंद करू का, असं काकांनी विचारलं. ती म्हणाली, "नको. संपू दे त्याचं."

पाच वाजता निळी पट्टी भरली. काका, ती आणि साहेब पडद्यापुढे उभे होते. साहेबांनी आकडा मोठ्याने वाचला. तीन वाजून चाळीस मिनिटं. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अहो बाई, उगाच चूक लिहून दिलीत! याने तर अगदी मिनिटाला मिनिट बरोबर सांगितलंय!"

तिने खिडकीचा पडदा बाजूला केला. खाली वस्ती होती तिथे आता पाण्यावर नुसती छपरं दिसत होती.