सहा रेघा

तिने टेबलावर तीन साउंडबॉक्स ओळीने मांडले. फोनोग्राफचा आवाज ज्यातून उमटतो, त्या या चपट्या गोल डब्या, मनगटी घड्याळाएवढ्या. पहिलीत आवाजाने थरथरणारा पडदा ॲल्युमिनियमचा होता, दुसरीत अभ्रकाचा, धडधाकट. तिसरी भावाच्या मशीनची. तिच्या अभ्रकाला भोक होतं.

"ही दुसरी बसव की," भाऊ म्हणाला. तो टेबलापासून हातभर लांब उभा होता. "माझ्या पोरीला मशीनचा आवाज ऐकायचाय. डबी कुठली, तिला काय करायचंय?"

"ती जड आहे. तुझी आवाज कोरलेली नळी मेणाची. चार वेळा वाजवलीस की आवाज खरवडून निघेल."

"मग पहिली?"

"ती किरकिरते. तुझीच ठेवू. पडदा तेवढा नवा."

"ठेव बाई. चाळीस वर्षं मुकं मशीन कपाटावर सांभाळलंय. बाबांचा हुकूमच होता, तू फोडलंस, तूच सांभाळ." तो मोठ्याने हसला. बस चालवून चालवून त्याचा आवाज चढाच झाला होता. "पन्नास माणसं रोज जीव माझ्या हातात देतात, ताई. बाबांनी एक स्क्रू कधी दिला नाही."

गेली दहा वर्षं तो मशीन आणतो म्हणत होता आणि ती सांगत होती, चांगलं अभ्रक मिळत नाही. अभ्रक ड्रॉवरभर होतं.

अभ्रकाची नवी चकती तिने काचेवर बोटभर उंचीवरून टाकून पाहिली. स्वच्छ टणत्कार आला. पापुद्रे सुटलेले नव्हते. मग जुन्या डबीची कडी सोडवली, वाळून दगड झालेलं रबर खरवडलं आणि फुटका पडदा चिमट्याने उचलला. एरवी तो सरळ पायाशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यात गेला असता. चिमटा तिच्या हातात तसाच राहिला.

"तू नाही फोडलास," ती म्हणाली. "मी फोडला."

"काय?"

"हा पडदा. तू मागच्या खोलीत झोपला होतास. बाबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

"चल, काहीतरीच! माझी समजूत काढतेस होय? मला लख्ख आठवतंय. हे बोट घातलं मी. ओला कागद फाटावा तसं आत गेलं."

तिने पडदा त्याच्यापुढे धरला. "करंगळी घाल."

करंगळीचं नखसुद्धा गेलं नाही. भोक काडीच्या गुलाएवढं होतं.

"तेव्हा बोटं लहान होती," तो म्हणाला. पण आवाज बसचा राहिला नव्हता.

"आठ वर्षांचा होतास. एवढी लहान नव्हती." तिने पडदा खिडकीच्या उजेडात वळवला. "बोटाने अभ्रक वेडंवाकडं फाटतं. टोकदार काही टोचलं तर भोकाभोवती चांदणी पडते. सहा रेघांची. मोज. माझ्या केसांतला आकडा होता तो. आत कोण बोलतंय ते बघायचं होतं मला."

त्याने ओठ हलवत रेघा मोजल्या. दोनदा मोजल्या.

"हे तुला कुणी शिकवलं? चांदणीचं?"

तिने पडदा उजेडातून खाली घेतला.

"बाबांनी."

"म्हणजे त्यांना कळलं होतं."

"त्या क्षणी नसेल कळलं. नंतर कधीतरी उजेडात धरला असेल." तिने चिमटा खाली ठेवला. पडदा आता तिच्या तळहातावर होता. "तोवर तुला मारून झालं होतं."

"आणि तू?"

"मी त्यांच्याशेजारी बसून काम शिकत होते."

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मग तो टेबलाजवळ आला. खुर्ची ओढून, नीट बसून, त्याने तिच्या तळहातावरचा पडदा उचलला. कडेने, दोन बोटांत, जसा उचलायला हवा तसा. क्षणभर डोळ्यांसमोर धरला.

मग त्याने अंगठा भोकावर ठेवला आणि दाबला.

"अरे, काय करतोस—"

कर्रकन आवाज झाला. अंगठा आरपार गेला. टेबलावर, तिच्या मनगटावर, त्याच्या शर्टाच्या बाहीवर चकचकीत पापुद्रे पसरले.

"झालं," तो म्हणाला. "आता मीच फोडलाय. बसव नवा."