कोट आणि एकतीस तास

गाडीनं स्टेशन सोडलं आणि टेलरमास्तरांनी भाच्याच्या लग्नाचा कोट बर्थवर पसरला. म्हणजे कोटाचं कापड पसरलं. कोट अजून व्हायचा होता.

"कुणाचं लग्न?" समोरच्या नर्सबाईंनी विचारलं.

"भाच्याचं. उद्या संध्याकाळी."

"आणि कोट?"

"चाललाय."

"कुठं चाललाय? अजून कापलापण नाही."

मास्तरांनी खडूनं रेघ मारली. भाच्यानं विमानाचं तिकीट पाठवलं होतं. दोन तासांत पोचले असते. पण दोन तासांत पोचून दाखवणार काय, कापडाचा तागा? म्हणून त्यांनी बहिणीला कळवलं की विमानात कात्री नेऊ देत नाहीत आणि कात्री उशाशी नसली तर आपल्याला झोप लागत नाही. गाडीचे एकतीस तास मिळाले. हातमशीन खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर बसलं ते जणू टेबल त्याच्याच मापानं केलं होतं.

भाच्याच्या आईनं, म्हणजे या धाकट्या बहिणीनं, आता निर्वाणीचं सांगितलं होतं, "दादा, कोट वेळेवर आला नाही तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस." तिचंही चुकत नव्हतं. तिच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा झगा मुलगी दुसरीत गेल्यावर पोचला होता. तोही मास्तरांनी मोठ्या अभिमानानं नेला होता.

पण गाडीत काहीतरी वेगळंच झालं. दुकानात सहा महिने हा कोट नुसता मनात शिवला जात होता. इथं हात सुटला. दारात येऊन "झाला का हो?" विचारणारं कुणी नव्हतं. फोनला रेंज नव्हती, म्हणजे सोन्याहून पिवळं. खिडकीतून शेतं जात होती, पूल जात होते, फाटकाशी थांबलेली माणसं उगीचच हात हलवत होती. चहावाला दर तासाला यायचा आणि पेला ठेवता ठेवता खिशाच्या जागेबद्दल मत देऊन जायचा. रुळांचा ठेका आणि मशीनचा ठेका एक झाला. अस्तर जेवणाआधीच लागलं. मास्तरांना स्वतःचाच संशय यायला लागला.

घोळ झाला तो टीसीमुळे. टीसी तिकिटं बघायला आला आणि मास्तर त्याच्या खांद्यांकडे बघतच राहिले. हुबेहूब भाचा.

"जरा घालता का?"

"मास्तर, मी ड्यूटीवर आहे."

"मग हात थोडे लांब धरून ड्यूटी करा."

भला माणूस, त्यानं घातला. एक बाही होती, दुसरी व्हायची होती. तेवढ्यात स्टेशन आलं. कुणीतरी फुकट्या उतरून पळाला आणि टीसी कोटासकट त्याच्यामागे. गाडी सुटताना तो चढला, पण पार शेवटच्या डब्यात. तिथं त्याला कुणी तिकीट दाखवेना. एका बाहीच्या, छातीवर खडूच्या रेघा असलेल्या माणसाला कोण दाखवणार? मास्तर सुईदोरा घेऊन अकरा डबे ओलांडून गेले. मग परतीचे अकरा डबे टीसी तिकिटं तपासत पुढे आणि मास्तर दुसरी बाही टाचत मागे, अशी वरात निघाली. दोनदा टीसीला सुई टोचली. दोन्ही वेळा समोरच्या प्रवाशाला विनाकारण दंड होता होता राहिला.

दुसऱ्या दिवशी बटणं नर्सबाईंनी लावली. "टाके घालणं माझा रोजचा धंदा आहे. फक्त हे गिऱ्हाईक ओरडत नाही," त्या म्हणाल्या. शेवटचा दोरा तुटला तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. गाडी तीनला पोचणार होती. टीसी खास भेटायला आला, कोटाला हात लावून गेला. तीस वर्षांच्या धंद्यात मास्तरांचं काम पहिल्यांदाच वेळेआधी झालं होतं. अर्धा तास ते नुसते खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना वाटलं, आणखी दोन स्टेशनं असती तर बरं झालं असतं.

कोट हँगरला, हँगर हातात, हात उंच, असे ते रिक्षातून बहिणीच्या दारात उतरले. दार उघडं होतं. हॉलमध्ये सामानावर वर्तमानपत्रं घातलेली, शिडीवर रंगारी, आणि जुन्या गाउनमध्ये बहीण हातात झाडू घेऊन उभी.

"अगं, चार वाजले. तू तयार कशी नाहीस?"

बहिणीनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग कोटाकडे. झाडू खाली ठेवला आणि ती मिळेल त्या खुर्चीवर बसली.

"दादा, तू कोट घेऊन आलास?"

"म्हणजे काय? आज लग्न ना?" मास्तरांनी खिशातून पत्रिका काढली. आजचीच तारीख होती.

"लग्न आठ दिवसांनी आहे. ही पत्रिका एकच छापली, फक्त तुझ्यासाठी. छापखानेवाला एक छापायला तयार नव्हता. मग तुझी आतापर्यंतची कामगिरी सांगितली, तेव्हा ऐकलं त्यानं. त्याचीही एक पँट आहे तुझ्याकडे."

तोवर भाच्यानं कोट चढवलाही होता. आरशासमोर तो डावीकडून बघत होता, उजवीकडून बघत होता. कुठं सुरकुती नाही, कुठं ओढ नाही. "मामा, झकास," तो म्हणाला. बहिणीनं पदर नव्हता म्हणून गाउनच्या बाहीनं डोळे टिपले.

मास्तर मात्र भाच्याभोवती एक फेरी फिरले. दुसरी फिरले. मग त्यांनी हलकेच कोट उतरवून घेतला, खिशातून कात्री काढली आणि बहिणीच्या डोळ्यांदेखत कॉलर उसवली.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "आठ दिवस आहेत ना? उद्या सकाळची गाडी आहे. जाताना कॉलर करतो, येताना बसवतो."