मनगटीतला मणी

आज दुपारी, पाय लुळे पडू नयेत म्हणून काढलेल्या नव्या औषधाच्या चाचणीतल्या सगळ्या मुलांच्या मनगटीतला काळा मणी रंग बदलणार होता. जन्मताच खरं औषध मिळालं असेल तर हिरवा, नुसतं पाणी टोचलं असेल तर पांढरा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वैजयंतीची रेवू दुडुदुडु धावत होती. शेजारी शमीमच्या मांडीवर तिचा आदिल लुळे पाय सोडून पडला होता. त्याचा मणी पांढरा झाला.

रेवूचा हिरवा होताच वैजयंतीने तिला ओढणीखाली घेतलं. "आमचाही पांढराच गं."

शमीमने ओढणी हळूच सारली. "वैजू, लबाडी नको. आदिलचं औषध घ्यायचं वय टळलं." तिने पोटावर हात ठेवला. "पण ह्या बाळाला टोचून घ्यायचं की नाही, ते मला रेवूचा मणीच सांगणार ना?"

वैजयंतीने रेवूला सोडलं. ती पुन्हा धावत सुटली.