घाटाच्या अलीकडे

"हा काढूनच टाकू काकू," बॉनेटखालून मेकॅनिक कल्याण म्हणाला. "आपल्याकडं थर्मोस्टॅट कुनीच ठेवत न्हाई. थंड मुलखातली भानगड हाय ही. पानी मोकळं फिरलं म्हंजे झालं."

"काढ, पण नवा बसव," हेलन म्हणाली.

"उगाच कशाला?"

"गाडी नवी आली तेव्हा जशी होती, तशी पाहिजे मला आज. काही कमी नको, काही जास्त नको."

कल्याणच्या मिशा पिकायला लागल्या होत्या, पण थट्टा जात नव्हती. "गाडी म्हातारी झाली, अन् तुमी तिला नवरीवानी नटवताय."

हेलन हसली नाही. सकाळपासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं. शुक्रवारचा तिचा उपास असायचा, आणि आजचा शुक्रवार साधा नव्हता.

मागच्या सीटवर पिशवी होती. डिंकाचे लाडू, दोन झबली, जुन्या साड्यांची गोधडी. लेकीची, आराधनाची, मुलगी आता मान धरायला लागली होती आणि हेलननं नातीला फोनवरच पाहिलं होतं. घरी न विचारता आराधनानं पाथर्डीकडच्या आदिनाथशी लग्न केलं, तेव्हाच तिच्या वडिलांनी, पीटरनं, तिला भिंगारच्या घराचं दार बंद केलं. आदिनाथ ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर चालवायचा. आज संध्याकाळी टोळी निघणार होती, बाळासकट. मग भेट थेट गुढीपाडव्यानंतर.

तू जाऊ नकोस, असं पीटर कधी म्हणाला नव्हता. "जायचं तर जा," म्हणायचा आणि पेपर उघडायचा. मुलीनं बापाचं मन मोडलं, आता बायकोनंही मोडावं का, हे हेलनला उमजत नव्हतं. म्हणून तिनं ते प्रभूपुढे ठेवलं होतं. तुझ्या मनात असेल तर गाडी करंजी घाट चढू दे. नसेल तर मी माघारी येईन. एकदा असं मागितल्यावर एस्टीनं जाणं तिला लबाडीचं वाटलं असतं. हे सगळं तिनं पीटरलाही सांगितलं होतं. नवऱ्यापासून काही लपवायची तिला सवय नव्हती.

गाडी दर वेळी घाटाच्या अलीकडेच उकळली. देवळात जायला, बाजारात जायला हीच गाडी कधी कुरकुरायची नाही. पाथर्डीच्या रस्त्याला लागली की घाट अजून दूर असतानाच बॉनेटमधून वाफ यायची. हेलन फोन करायची. पीटर स्कूटरवर यायचा, पाणी ओतायचा, सगळं वाकून वाकून बघायचा. त्याची हयात वर्कशॉपमध्ये गेली होती. "गाडीत दोष नाही, हेलन," तो हळूच सांगायचा. "प्रभूच्याच मनात नाही, त्याला आपण काय करणार?" ती मान खाली घालून परत यायची, आणि रात्रभर स्वतःच्या मनातलं पाप शोधत बसायची.

आज पहाटे प्रार्थनेला बसली असताना मात्र तिला वाटलं, प्रभूला कौल मागायचा तर गाडी तरी धड असावी. पीटर दळण घेऊन गिरणीवर गेला, तसं तिनं कल्याणला फोन लावला होता.

कल्याणनं बोल्ट काढले, झाकण उचललं आणि आतली थर्मोस्टॅटची झडप बाहेर घेतली. मग तो तसाच वाकून राहिला.

"काकू, ह्याला तार बांधलीय."

"कसली तार?"

"पानी तापलं की ही झडप उघडती, अन् पानी रेडिएटरला जाऊन गार हुतं. ही उघडूच नये म्हनून कुनीतरी आवळून ठेवलीय. गावातल्या गावात कळायचं न्हाई. लांब गेलं की उकळनारच." त्यानं ती फडक्यावर ठेवली. "कुनाचं काम ह्ये?"

हेलननं झडप हातात घेतली. तारेला दुहेरी पीळ होता, एकसारखा. टोक आत वळवून दाबलेलं, कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून. नाताळचा तारा टांगायची तार, खिडकीची जाळी, कपडे वाळत घालायची तार, घरातली झाडून सगळी तार अशीच वळलेली होती.

"नवा बसव बाळा," ती म्हणाली.

नवा बसला, पाणी भरून झालं, तेव्हा पीटर आला. स्कूटरवर पुढ्यात पिठाचा डबा होता. उघडं बॉनेट बघून त्याचा चेहरा उतरला.

"याला कशाला बोलावलंस? मी बघितली होती ना गाडी. आणि प्रभूनं इतक्यांदा सांगूनही..."

हेलननं मूठ उघडली.

पीटरची नजर तारेच्या पिळावर गेली. कल्याणनं पाने-पकडी गोळा करायला घेतले आणि गोळा केलेलेच पुन्हा पुसायला लागला.

"मी प्रभूला विचारलं होतं," हेलन म्हणाली. प्रार्थनेत असायचा तेवढाच तिचा आवाज होता. "त्याच्या नावानं उत्तर तुम्ही दिलंत."

पीटरनं स्कूटरवरचा डबा उचलून हातात घेतला. "तू पण गेलीस की मी एकटाच चुकीचा ठरतो, हेलन."

तिनं झडप त्याच्या पिठाच्या डब्यावर ठेवली, पदर खोचला, बॉनेट लावलं आणि गाडीत बसून किल्ली फिरवली. इंजिन लागलं. पीटर खिडकीशी आला. डबा अजून त्याच्या हातातच होता.

"आणि आता घाटात खरंच तापली तर?"

"तापली तर गाडी तापली, एवढंच समजेन मी," हेलन म्हणाली, "आणि मिळेल त्या जीपनं पुढं जाईन."